आवाज नव्हे, बिघाड लिहून घ्या

आम्ही वर्षभराच्या वॉरंटीवर जुनी गाडी घेतली. दुसऱ्याच महिन्यात खड्ड्यांतून जाताना पुढून खडखड ऐकू येऊ लागली. "आवाजाला वॉरंटी नसते," विक्रेता म्हणाला. मी त्याच्याच कागदावर बोट ठेवले : रबरी बुश वगळले होते, शॉक अ‍ॅब्सॉर्बर नव्हे. मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच रस्त्याने गाडी फिरवली. शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधून तेल गळत होते. तसे जॉबकार्डावर लिहून घेतले. तो फुकट बदलून मिळाला. बुशचे पैसे मात्र आम्हीच भरले.

बंधुभगिनींनो, नकार मिळाला तर तोही लेखी मागा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार २ वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. घामाच्या पैशाचा हिशेब मागायला लाजू नका.