कंकबाईंचा इतिहास

इतिहासाच्या मास्तराला दोन गोष्टींची धास्ती असते: एक सनावळीची आणि दुसरी मागच्या बाकावरून येणाऱ्या प्रश्नाची. सनावळी पाठ करता येते. प्रश्नाचे तसे नाही. म्हणूनच की काय, विलायतेतल्या फिलोमिना कंकबाई मला आमच्याच वर्गातल्या वाटतात.

बाई खऱ्या नव्हेत. डायेन मॉर्गन या नटीने वठवलेले ते सोंग आहे. २०१८ साली बीबीसीने ‘कंक ऑन ब्रिटन’ ही पाच भागांची मालिका दाखवली. साऱ्या ब्रिटनचा इतिहास, आणि सांगणारीला त्यातले ओ की ठो ठाऊक नाही! तिकडे अशा माहितीपटांची थोर परंपरा आहे. १९६९ साली केनेथ क्लार्क यांनी संस्कृतीची कथा तेरा भागांत सांगितली. पुढे सायमन शामा यांनी ब्रिटनचा इतिहास पंधरा भागांत सांगितला. पडक्या किल्ल्यावरून चालायचे, क्षितिजाकडे पाहायचे, जरा थांबायचे आणि मग वाक्य टाकायचे, असा या माहितीपटांचा थाट. कंकबाई तो यथासांग पाळतात. चालणे तेच, थांबणे तेच. वाक्य तेवढे पोकळ. आणि पोकळ वाक्यही त्या थाटात किती भारदस्त वाटते, हे पाहून आपण हसता हसता दचकतो.

खरी मौज पुढेच आहे. बाईंसमोर बसणारे प्राध्यापक अस्सल असतात. बाईंनी गंभीर मुद्रेने काही भलतेच विचारले की ते क्षणभर गोंधळतात, आणि मग जमेल तितके खरे उत्तर देतात. त्यांची ही सभ्यता मला फार आवडते.

आपल्याला हे सोंग परके नाही. कोल्हटकरांचे बंडूनाना आणि चिं. वि. जोशांचे चिमणराव यांनी भोळेपणाच्या आडून भल्याभल्यांची फजिती केलीच आहे.

एकदा माझ्या वर्गात एका मुलाने विचारले, “गुरुजी, पहिल्या बाजीरावांना आपण पहिले आहोत हे ठाऊक होते का?” वर्ग खो खो हसला. पोरगा कानकोंडा होऊन खाली बसू लागला. मी त्याला उभाच ठेवला आणि म्हटले, “नव्हते!” बाजीराव वारले १७४० साली. त्यांचा नातू दुसरा बाजीराव पेशवा झाला तो १७९६ साली. आजोबांना ‘पहिले’ म्हणण्याची गरज पडली ती त्यानंतर. हशा थांबला. इतिहासातल्या माणसांना पुढचे पान दिसत नव्हते, ही गोष्ट त्या दिवशी वर्गाला त्या पोराने शिकवली.

मात्र एक काळजी मनात घर करून आहे. कंकबाईंना हसायला आधी खरे काय ते ठाऊक असावे लागते. १०६६ साली हेस्टिंग्जला काय घडले हे ज्याच्या कानावरच नाही, त्याला बाई विदुषीच वाटायची. आज तशाच ठसक्यात इतिहास सांगणारी माणसे मुलांच्या हातातल्या मोबाइलवरून रोज बोलत असतात, आणि तिथे ‘हे सोंग आहे’ अशी पाटी नसते.

म्हणून वाचकहो, घरातल्या पोराने फराळ करता करता काही खुळ्यासारखे विचारले तर त्याला गप्प बसवू नका. आज ज्याला भाबडा प्रश्न विचारायची लाज वाटली नाही, तोच उद्या त्या ठसकेबाज वक्त्याला विचारील, “पण हे तुम्हाला कसे कळले?”