मालवणचा समुद्र आणि गोडें पाणी

मालवणहून होडींत बसून सिंधुदुर्ग पाहावयास जाणाऱ्यांस तेथील तीन विहिरी आवर्जून दाखविल्या जातात: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. १६६४ सालीं ज्या कुरटे बेटावर शिवछत्रपतींनीं किल्ल्याचा पाया घातला, त्याच्या चोहों बाजूंस खारें पाणी. या विहिरींचें मात्र गोड. खाऱ्यांत राहावयाचें तर आधीं गोड्याची तजवीज हवी, हें त्या काळच्या लोकांनीं ओळखलें होतें. आज त्याच किल्ल्याच्या आसपास प्रवाशांना समुद्राच्या पोटांत उतरवून प्रवाळ व मासे दाखविण्याचा जो व्यवसाय चालतो, त्याचें आरोग्यही आमच्या मतें गोड्या पाण्यावरच अवलंबून आहे.

तारकर्लीस माडांच्या सावलींत दोऱ्यांवर काळे पोशाख ओळीनें लोंबत असतात. हेच वेटसूट. कॅलिफोर्निया विद्यापीठांतील पदार्थवैज्ञानिक ह्यू ब्रॅडनर यांनीं १९५२ च्या सुमारास हा पोशाख सिद्ध केला. निओप्रीन नामक कृत्रिम रबराच्या फेसांत वायूचे असंख्य बुडबुडे कोंडलेले असतात. ते ऊब राखतात. पोशाखांत थोडें पाणी शिरतें आणि अंगालगतचा तो पातळ थर शरीराच्या उष्णतेनें कोमट होतो. गुण आहे तोच दोष. घाम, अंगाचें तेल आणि (कौटुंबिक मासिकांत लिहावयास संकोच वाटतो, पण खरें तें लिहिलेंच पाहिजे) घाबरलेल्या वा आळशी मनुष्याचें मूत्र, हें सारें तेथेंच मुरतें. मिठास वास नसतो. ओलसर अस्तरांत या मळावर जे जंतू पोसतात, त्यांची ती दुर्गंधी.

बुटांची स्थिति याहून बिकट. जाड तळ, बंद चवडा. आंतलें पाणी निघावयास वाट नाहीं. आम्हीं पाहिलेल्या एका घरगुती व्यवस्थेंत यजमानीणबाई प्रत्येक बुटांत हात घालून तळ साबणानें चोळीत, मग खुंटीवर उलटा टांगून पाणी निथळूं देत, आणि नंतर आंत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते भिजले कीं बदलीत. सूट उलटा करून गोड्या पाण्याच्या टपांत अर्धा तास बुडवावयाचा, सौम्य साबणानें धुवावयाचा, आणि रुंद खांद्याच्या अडकवणीवर वाऱ्याच्या सावलींत वाळवावयाचा. कडक ऊन व कढत पाणी दोन्ही वर्ज्य. त्यांनीं रबर ताठर होतें, सांधे सुटतात. वास राहिलाच तर पाण्यांत थोडा पांढरा सिरका घालून पुन्हां स्वच्छ खळबळावें. अत्तर शिंपडणें म्हणजे रोग्यास पावडर लावणें!

आमच्या घरांत आजोबांचा कद वर्षानुवर्षें न धुतां सोवळाच राहत असे. ती सवलत वेटसुटास नाहीं. एकाच सुटांत सकाळपासून चार-पांच अनोळखी माणसें उतरतात, आणि पुढचें आपलें मूल असतें. ओल्या, कोंदट बुटांतून पायांस नायटा जडणें मुळींच अशक्य नाहीं. म्हणून भाडें ठरविण्यापूर्वीं सूट हातीं घेऊन आंतून हुंगावा. आणि धुण्याचा टप पाहावा. त्यांतलें पाणी दिवसभर बदललें नसेल, तर तें धुणें नव्हे, मळ वांटणें होय.

मात्र एक गोष्ट प्रवासी विसरतात. उन्हाळ्यांत विहिरी आटूं लागल्या म्हणजे गोडें पाणी विकत आणावें लागतें. “मीठ काढूक गोडां पाणी व्हया, आनि पाण्याक पैसे,” असें त्या बाईंनीं आम्हांस सांगितलें. भाड्यांत शंभर रुपये तोडणारा गृहस्थ बहुधा त्या टपांतलेंच पाणी तोडीत असतो. रास्त भाडें द्यावें आणि स्वच्छता मागून घ्यावी.

ज्यांचे स्वतःचे बूट आहेत त्यांनीं ते ओले प्लॅस्टिकच्या पिशवींत कोंडून कुडाळहून गाडींत बसूं नये. सहप्रवाशांस त्याचें पाप भोगावें लागतें. एक दिवस अधिक राहून ते वाळवावे. तेवढ्यांत देवबागेस जाऊन कर्ली नदी समुद्रास मिळते तें ठिकाणही पाहून होतें.