भीमेवरून

12 नोव्हेंबर 2023, लक्ष्मीपूजन. हैदराबाद

पूजा आटोपली. उद्या कोल्हापूर, परवा पाडवा, बुधवारी भाऊबीज. वेब चेक-इन करताना उजवीकडची खिडकी घेतली. कोल्हापूरला जाताना भीमा त्या बाजूला लांबवर दिसते.

13 नोव्हेंबर. कोल्हापूर

एटीआर विमानात शेपटीकडच्या दारानं चढायचं. सामान पुढे, माणसं मागून. पंख डोक्यावर असल्यामुळे खाली काही झाकलं जात नाही. सहा पात्यांचा पंखा फिरायला लागतो तेव्हा आधी पाती वेगवेगळी दिसतात, मग नुसतं धुरकट वर्तुळ उरतं. धावपट्टी सुटली की चाकं पोटाखाली मिटताना दिसतात. मला हे मोठ्या जेटपेक्षा फार आवडतं. जेटमधून ढग दिसतात, इथून गावं दिसतात.

या धडधडीत मला 1988 आठवतं. वायुदूतचं डॉर्निअर, पुणे ते हैदराबाद, माझा पहिला विमानप्रवास. 19 आसनं, मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेकच, म्हणजे प्रत्येकाला खिडकी. कानपूरला एचएएलमध्ये बांधलेली ती विमानं. आत हवेचा दाब राखायची सोय नव्हती, त्यामुळे फार उंच जायचंच नाही. कानांना दडे बसायचे, पण बांधावरचं झाडसुद्धा ओळखू यायचं. पुणं सुटल्यावर थोड्या वेळात खाली भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणी पसरलं. एवढं पाणी दुष्काळी मुलखात! मी काचेला नाक लावून बसले होते.

त्याच पाण्यात 23 सप्टेंबर 1989 ला, त्याच मार्गावरचं वायुदूतचं डॉर्निअर इंदापूरजवळ कोसळलं. 11 माणसं गेली. मी त्यांतल्या कुणालाच ओळखत नव्हते. तरी त्या एकेरी आसनांवर बसलेली माणसं मला दिसत राहतात. त्यांनीही खाली पाहिलं असेल.

आज भीमा ओलांडली. पलीकडे उत्तरेला गाणगापूर. मग विजापूरकडची काळी रानं, आणि उतरायला लागलो तेव्हा कृष्णा-पंचगंगेचा संगम, नरसोबाची वाडी. आईची दोन्ही दत्तस्थानं जेमतेम सव्वा तासात. तिला एकेका वारीला एस.टी. आणि रेल्वे धरून दिवस घालवावा लागायचा. मी मनातल्या मनात दोन्हीकडे हात जोडले.

मग हिरवा ऊस, आणि उजळाईवाडीचा माळ. राजाराम महाराजांच्या काळातलं हे विमानतळ, 1939 चं.

15 नोव्हेंबर, भाऊबीज

ओवाळून झाल्यावर दादाकडे त्या अपघाताचा विषय काढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

‘तुला लोहगावला मीच सोडलं हुतं की,’ तो म्हणाला. ‘पुढल्या वर्षी पेपरात वाचलं, तर आईपासून पेपर लपवला. पण शेजारच्या काकूंनी सांगितलंच. तवापासनं ती देवाम्होरं बसायची, तू येणार म्हटलं की.’

‘म्हणून मला रेल्वेनं ये म्हणायची?’

‘मग! आणि तू भाडं परवडत नाही म्हणून ती सांगतीया, असं समजायचीस.’

खरंच तसं समजायचे. एकदा तर पत्रात तिला लिहिलंही होतं, की मी आता मिळवती आहे, पैशाची काळजी करू नकोस. तिनं त्या पत्राला उत्तरच दिलं नाही. दादा ताटातली करंजी तशीच ठेवून उठला, अंगणात जाऊन आला.

17 नोव्हेंबर. हैदराबाद

येताना डावीकडची खिडकी. ऊन तिरपं होतं. यंदा पाऊस कमी, भीमेचं पात्र रुंद आणि पाणी एका कडेला, वाळूतून वळत गेलेलं. उजनी इथून कितीतरी वर, पश्चिमेला. दिसणं शक्य नाही, हे ठाऊक असून मान तिकडे वळलीच.

उतरल्यावर दादाला फोन लावला.

‘पोचले.’

‘भीमा दिसली?’

दिसली म्हटलं. मग तिच्यात पाणी किती आहे, ते त्याला सांगत बसले.