अस्वलाचं नाव आणि मैनेचं नाव

आपल्या बऱ्हाणपूरच्या बहुतेक मराठी घरांतली एक तरी शाखा आता परदेशात असते, आणि तिकडे बाळ झालं की नावाचा विषय इकडे ओसरीवर रंगतो. आमच्याकडे तो जरा जास्तच रंगला. भाची जर्मनीत असते, जावई जर्मन. मुलगा झाला, आणि जावयांनी आपल्या आजोबांचं नाव सुचवलं : बर्नहार्ड.

ताईने मला अर्थ शोधायला सांगितलं. 'बेर' म्हणजे अस्वल आणि 'हार्ट' म्हणजे कणखर, शूर. अस्वलासारखा शूर. ताईने कपाळावर हात मारला. "माझ्या नातवाला अस्वल म्हणून हाक मारू?"

मामा म्हणून माझ्यावर दोन्ही बाजू सांभाळायची वेळ आली. म्हणून थोडं वाचलं. ते सांगतो, कारण आपल्या तरुण मंडळींना ते आवडेल.

जुन्या जर्मन लोकांत मुलांना प्राण्यांची नावं ठेवायची रीतच होती. प्राण्याचा गुण बाळात यावा ही त्यामागची इच्छा. अर्नोल्डमध्ये गरुड आहे, एबरहार्डमध्ये रानडुक्कर आहे, वोल्फगांग आणि रुडॉल्फ यांच्यात लांडगा आहे. अॅडॉल्फमध्येही लांडगाच, 'कुलीन लांडगा'. हे नाव एके काळी सर्रास ठेवलं जाई. १९४५नंतर ते जवळपास नाहीसं झालं. एका माणसाच्या करणीने नाव कसं मरतं, त्याचं हे उदाहरण.

बर्नहार्डचं नशीब उलट. क्लेअरवोचे संत बर्नार्ड (१०९० ते ११५३) यांच्यामुळे ते युरोपभर आदराचं झालं. नॉर्मन लोकांबरोबर ते इंग्लंडात रुजलं, पोर्तुगालमध्ये त्याचं 'बर्नार्डो' झालं आणि पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आलं. १८३५मध्ये गोव्याचा कारभार काही दिवस ज्यांच्या हाती होता, ते तिथलेच भूमिपुत्र बर्नार्डो पेरेस द सिल्वा. पोर्तुगीज राजवटीत गव्हर्नर झालेले ते एकमेव गोवेकर. म्हणजे हे अस्वल आपल्या कोकणपट्टीत कधीच येऊन गेलंय. गणित शिकणाऱ्या मुलांना रीमान ठाऊक असेल. त्याचंही नाव बर्नहार्डच.

पण मला खरी गंमत वाटली ती पुढे. अस्वलाचं मूळ नाव संस्कृतात 'ऋक्ष'. ग्रीकांचं 'आर्क्तोस' आणि लॅटिनमधलं 'उर्सुस' ही त्याचीच भावंडं. जर्मन भाषांत मात्र हा शब्दच नाही. बऱ्याच भाषाशास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की रानात अस्वलाचं खरं नाव घेतलं तर ते समोर येईल या भीतीने लोक त्याला नुसतं 'तपकिरी' म्हणू लागले, आणि तेच नाव होऊन बसलं. हे वाचून मला आमच्या शेतावरची माणसं आठवली. रात्री साप निघाला तर कोणी 'साप' म्हणत नसे. 'जनावर' निघालं म्हणायचे, नाहीतर 'लांबडं'. भीती तीच, युक्तीही तीच.

त्या 'तपकिरी' शब्दाचा संस्कृतातला नातेवाईक आहे 'बभ्रु'. अर्जुनाचा मुलगा बभ्रुवाहन आठवा! हे मी ताईला सांगितलं तेव्हा ती जरा नरमली.

मग मी तिला आपल्याच घरातलं दाखवलं. भीमाचं एक नाव वृकोदर, त्यात लांडगा आहे. नरसिंह, नागनाथ ही तर देवांची नावं. आपल्या गावात १६६७मध्ये वारलेले मिर्झाराजे जयसिंह, ज्यांची छत्री पाहायला पाहुण्यांना आपण नेतो, त्यांच्याही नावात सिंह बसलाय. हिवरे बाजारचे पोपटराव पवार पद्मश्री झाले, पोपट नावाला कोणी हसलं नाही. आणि आमच्या पणजीचं नाव होतं मैना.

इथे ताई गप्प झाली. पणजीला तिने पाहिलं होतं. मैना, चिमणा, हरणा, कोकिळा ही नावं आमच्या मागच्या पिढ्यांत घरोघर होती. ताईच्या वर्गात एकही मैना नव्हती, आणि भाचीच्या पिढीला तर ते नाव ऐकून हसू येतं. जर्मनीतही तसंच आहे. बर्नहार्ड म्हणजे आता आजोबांचं नाव. बाळाला क्वचित कोणी ठेवतो. जावयांचा आग्रह फॅशनचा नव्हताच. आजोबा गेले, घरात ते नाव हाक मारायला उरलं नव्हतं, एवढंच त्यांचं दुःख होतं. ते ताईला कळलं, कारण मैना हे नावही असंच गेलं होतं.

शेवटी व्हिडिओ कॉलवर बारसं झालं. कागदावर दोन नावं आहेत : एक मराठी, ताईने कानात सांगितलेलं, आणि दुसरं बर्नहार्ड. ताईच्या जिभेवर ते काही बसत नाही. ती 'बर्नू' म्हणते, आणि आता जावईही तेच म्हणतात.

तरुण मित्रांनो, एक विनंती. बाळाचं नाव शोधताना मोबाईल जरूर उघडा, पण त्याआधी घरातल्या थोरांना पणजोबा-पणजीची नावं विचारा आणि वहीत लिहून ठेवा. ठेवायलाच हवीत असं नाही. पण ती सांगणारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या. आमच्या पणजीच्या आईचं नाव सांगणारं आता आमच्या घरात कोणीच नाही.