बॅकची जागा

मलकपेठच्या मैदानावर माझ्या वाट्यास नेहमी बॅकचीच जागा येई. गोल करणाऱ्यास सारे खांद्यावर घेत. गोल झाला की दोष मात्र माझ्या माथी! एके सायंकाळी आमच्यावर पाच गोल झाले. घरी येऊन मी जेवेना. तेव्हा आजोबांनी अझीझुद्दीन यांची हकीकत सांगितली. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकणाऱ्या आपल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाचे ते बॅक. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकच्या भारतीय संघात ते होते. तेथे युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल चढविले. आपला केवळ एक! तरी १९५६ साली मेलबोर्नच्या संघातही अझीझुद्दीन होतेच, आणि रहीमसाहेबांच्या शिकवणीखाली भारत चौथा आला.

“दहा गोल?” मी पुन्हा विचारले आणि निमूटपणे पानावर बसलो.