फोन काढून घेण्याआधी

प्रिय धाकटीस,

नववीतल्या लेकाचा फोन रोज तपासायचा, काही वावगं दिसलं की काढून घ्यायचा, असं तू ठरवल्याचं कळलं. रात्री फोन बाहेरच्या खोलीत राहावा, हे मलाही पटतं. पण झडती सुरू करण्याआधी जॉर्डन डिमेची हकिकत वाच.

जॉर्डन अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या मार्केट (Marquette) शहरातला. वय १७, शाळेच्या फुटबॉल संघातला खेळाडू. मार्च २०२२ मध्ये इन्स्टाग्रामवर त्याला एका मुलीचा मेसेज आला. मुलगी नव्हतीच, दुसऱ्या कुणाचं तरी हॅक झालेलं अकाउंट वापरून नायजेरियातून बोलणं चाललं होतं. गोड बोलून त्याच्याकडून एक उघडा फोटो काढला गेला आणि सूर बदलला. १,००० डॉलर दे, नाहीतर फोटो घरच्यांना, मित्रांना पाठवतो. पोराने ३०० डॉलर दिले. मागणी थांबली नाही. पहिल्या मेसेजपासून सहा तासांच्या आत त्याने जीव दिला. घरच्यांना यातलं काहीही माहीत नव्हतं.

सहा तास! आईबापांनी आठवड्याला, अगदी रोज रात्री फोन तपासला, तरी हे सहा तास कसे गाठणार?

असे भामटे मुलाच्या फॉलोअर्सची यादी आधीच उतरवून ठेवतात, मग एकेक ओळखीचं नाव समोर धरतात आणि मिनिटं मोजायला लागतात. पैसे मिळाले की मागणी वाढते. अमेरिकेच्या एफबीआयच्या मते त्यांचं सावज बहुधा १४ ते १७ वर्षांचे मुलगे असतात. मुलगा लाजेने घरात तोंड उघडणार नाही, याच भरवशावर हा धंदा चालतो.

जॉर्डनच्या प्रकरणातल्या दोघा सख्ख्या भावांना नायजेरियातल्या लागोसहून अमेरिकेत आणलं गेलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये प्रत्येकी साडेसतरा वर्षांची कैद झाली. त्याच वर्षी जुलैत इन्स्टाग्रामची मालक असलेल्या मेटा कंपनीने अशा खंडणीशी संबंधित नायजेरियातली सुमारे ६३,००० इन्स्टाग्राम खाती बंद केली.

हा धंदा मुलाच्या गप्प बसण्यावर चालतो, म्हणून मला जप्तीची धास्ती घातक वाटते. फोन जाईल या भीतीने मुलगा आधी चॅट पुसेल, मग पैसे शोधेल. तुझ्याकडे कदाचित येणारच नाही. आजच त्याला सांग, "असा फोटो गेला तरी मी ओरडणार नाही, फोन घेणार नाही. रात्री दोनलाही उठव." आणि हा शब्द पाळ.

वेळ आलीच तर पैसे द्यायचे नाहीत, उत्तर द्यायचं नाही, चॅट पुसायचं नाही. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवायची. 'टेक इट डाउन' ही अल्पवयीनांसाठीची मोफत सेवाही आहे. तिच्यात फोटो फोनबाहेर जात नाही. त्यावरून तयार झालेली आकड्यांतली खूण तेवढी इन्स्टाग्राम, स्नॅपचॅटसारख्या कंपन्यांकडे जाते आणि तो फोटो तिथे आढळला तर त्यांना काढता येतो. मूल खचलेलं दिसलं तर त्याला एकटं ठेवू नकोस. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर दिवसरात्र कुणीतरी बोलायला असतं.

पत्र त्याच्या बाबांनाही वाचायला दे. तू अभय द्यायचं आणि त्यांनी फोन हिसकावायचा, असं झालं तर तो तुम्हा दोघांनाही काही सांगणार नाही.

तुझी,
ताई