कोणाला काढणार हे नंतर, आधी सांगा यादी कोणी केली?



नोकरीत शिरण्याच्या दाराबद्दल आपल्याकडे भरपूर लिहिलं-बोललं जातं. बिंदुनामावली, अनुशेष, पदोन्नतीतलं आरक्षण, खासगी क्षेत्र, कंत्राटी भरती, यातल्या कोणत्याही विषयावर आपला कार्यकर्ता तासभर बोलू शकतो. पण नोकरीतून बाहेर जाण्याच्या दाराशी कोण उभं असतं आणि कोणत्या नियमाने कोणाला बाहेर काढलं जातं, यावर आपण जवळजवळ गप्प आहोत. कपात म्हटली की ती मंदीमुळे झाली, निधी आटला म्हणून झाली, असं आपण मानून घेतो. मंदीला जात नसेल. पण मंदी आल्यावर नावं निवडायला जो बसतो, त्याला असते.

मी गेली दहा वर्षं संस्थांमध्ये काम करते. आपली एमएसडब्ल्यू झालेली, समाजशास्त्रात एमए झालेली कितीतरी मुलं-मुली याच क्षेत्रात आहेत. सरकारी जागा निघत नाहीत, कंपन्या आपल्याला बोलावत नाहीत, मग उरतो 'प्रोजेक्ट'. या क्षेत्राचा पाया गेल्या काही वर्षांत हलला आहे. २०२० साली परदेशी निधीच्या कायद्यात दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली आणि एका संस्थेने परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली. तालुक्याच्या पातळीवरच्या छोट्या संस्था मोठ्या संस्थांमार्फतच हा पैसा मिळवत होत्या, त्यांचा श्वास तिथेच कोंडला. मग जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली. ज्यांचा त्या पैशाशी थेट संबंध नव्हता अशा देणगीदारांनीही हात आखडता घेतला. आमच्या संस्थेत ही लाट त्या वर्षीच्या उन्हाळ्यात पोचली.

आम्ही २३ जण होतो. १४ फिल्डवर, ९ कार्यालयात. फिल्डवरचे बौद्ध, मातंग, पारधी, दोन मुस्लिम भगिनी. कार्यालयातली आडनावं इथे वाचून दाखवायची गरज नाही, तुम्ही ओळखली असतील. संचालकांनी बैठक घेतली, आवाज जड होता, आणि ९ जण कमी करावे लागतील असं सांगितलं. निवड 'पूर्णपणे वस्तुनिष्ठ' होईल असंही सांगितलं. त्यासाठी पुण्याच्या एका सल्लागाराकडून १०० गुणांचा तक्ता करून आणला होता. उद्दिष्टपूर्तीला २५, इंग्रजी रिपोर्टिंगला २०, संवादकौशल्याला २०, संगणकाला १५, लवचीकतेला १० आणि 'संस्थेच्या संस्कृतीशी जुळणं' याला १०. मी समन्वयक असल्यामुळे माझ्या हाताखालच्या पाच जणांचे गुण मी भरायचे होते. तीन दिवसांत, गोपनीय.

त्या पाचांत आमची एक ताई होती. दहावी पास, १२ वर्षं कामावर. पारधी वस्तीवर पोलीस आले की लोक वकिलाच्या आधी तिला फोन लावतात. तहसीलमधला कारकून ती दिसली की जागेवरून उठून जातो, कारण ती कागद घेतल्याशिवाय हलत नाही. तिने मिळवून दिलेल्या जातीच्या दाखल्यांवर आणि रेशनकार्डांवर आमच्या संस्थेचे तीन वार्षिक अहवाल उभे आहेत. ते अहवाल इंग्रजीत आहेत आणि ते लिहिणारी व्यक्ती वस्तीवर एकदाच आली होती, फोटोग्राफरबरोबर. आता या तक्त्यात ताईला संवादकौशल्याचे २० पैकी किती द्यायचे? कोणाशी संवाद? वस्तीशी की देणगीदाराशी? तक्त्यात हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. 'संस्कृतीशी जुळणं' म्हणजे काय हेही नव्हतं. मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, 'मॅडम, ते आपल्याला कळतंच ना.'

हे 'कळतंच ना' आपल्या ओळखीचं आहे. २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त आडनावं बदलली. दलित आणि मुस्लिम आडनावांना मुलाखतीची बोलावणी कमी आली. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून लिहिलं. ते अधिकारी जात मानत नसल्याचं सांगत, गुणवत्तेचे गोडवे गात, आणि उमेदवाराला 'कौटुंबिक पार्श्वभूमी' मात्र आवर्जून विचारत. भरतीत जी पार्श्वभूमी विचारली जाते, तिलाच कपातीत 'संस्कृतीशी जुळणं' म्हणतात. भरतीवर निदान असे अभ्यास झाले. कपातीच्या बंद खोलीत अजून कोणी अर्ज पाठवून पाहिलेला नाही.

पण मला जास्त बोलायचंय ते गुणांबद्दल नाही. तो तक्ता हातात घेऊन मी नावं मोजली. १४ होती. कार्यालयातल्या नऊपैकी एकाचंही नाव त्यात नव्हतं. विचारलं तर म्हणे, ती पदं 'कोअर' आहेत, त्यांच्याशिवाय संस्था चालणार नाही. म्हणजे निवड तक्ता येण्याआधीच झाली होती. कोणाची तुलना कोणाशी करायची हे एकदा ठरलं की पुढचे गुण कितीही प्रामाणिकपणे भरा, घसरणार आमच्यातलेच. आम्ही मात्र आपापसांत भांडलो असतो, मला १४ आणि तिला १६ कसे म्हणून. पहिले दोन दिवस तसं झालंही.

बाबासाहेबांनी हे १९२८ साली पाहिलं होतं. मुंबईच्या गिरणी कामगारांचा तो मोठा संप मुळात मालकांच्या काटकसरीच्या योजनांविरुद्ध होता, म्हणजे कमी माणसांत जास्त माग चालवायचे आणि उरलेल्यांना घरी पाठवायचं. कामगारांची एकजूट हवी हे खरंच होतं. पण अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात प्रवेशच नव्हता. तुटलेला धागा तोंडात धरून ओला करावा लागतो, आणि मग तो विटाळतो! जास्त पगाराचं खातं सवर्ण कामगारांचं आणि आपले लोक कमी पगाराच्या खात्यांत. बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना नेमका हाच प्रश्न विचारला, की तुमच्या मागण्यांत हे खातं उघडण्याची मागणी का नाही? जातिव्यवस्था ही नुसती श्रमांची नव्हे तर श्रमिकांचीही विभागणी आहे, हे त्यांनी पुढे 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये मांडलं. आमच्या संस्थेतलं 'कोअर' आणि 'फिल्ड' ही त्याच विभागणीची नवी पाटी आहे. धागा ओला करायची गरज उरली नाही, एवढंच.

आता कायदा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली कपातीची कलमं आली. त्यातलं २५-जी सांगत होतं की एका संवर्गात जो सर्वांत शेवटी आला त्याला साधारणपणे आधी काढावं, आणि हा क्रम मोडायचा असेल तर कारणं नोंदवून ठेवावीत. २५-एफमध्ये एक महिन्याची नोटीस आणि दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई होती. २५-एचनुसार पुन्हा भरती करताना काढलेल्यांना आधी संधी द्यावी लागे. आणि आपल्या राज्याच्या १९५७ च्या नियमांतला ८१ वा नियम मला सगळ्यांत आवडतो. कपातीच्या किमान सात दिवस आधी त्या संवर्गाची सेवाज्येष्ठता यादी सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी फलकावर लावायची. भिंतीवर, सगळ्यांसमोर. गोपनीय तक्त्याच्या अगदी उलट.

यावर आपल्यातलाच एखादा अभ्यासू मित्र म्हणेल, ज्येष्ठतेचा नियम तर आपल्याच मुळावर येतो. आपण सगळीकडे उशिरा पोचलो, मग शेवटी आलेला आधी जाणार म्हणजे आपणच जाणार. हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना हाच अनुभव आला. नागरी हक्कांच्या लढ्यानंतर त्यांना नोकऱ्या मिळाल्या आणि कपात येताच ज्येष्ठतेच्या यादीत तेच तळाशी सापडले. मिशिगन राज्यातल्या जॅक्सन शहरात शाळा मंडळ आणि शिक्षक संघटनेने यावर तोडगा काढला होता. ज्येष्ठता पाहायची, पण अल्पसंख्य शिक्षकांचं नोकरीत जेवढं प्रमाण आहे त्याहून जास्त प्रमाणात त्यांना कपातीत काढायचं नाही. १९८६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द ठरवली. म्हणजे आत घेताना न्याय आणि बाहेर काढताना 'सगळे समान'. आपल्याकडे तर कपातीतल्या प्रतिनिधित्वाची मागणी अजून कोणी नीट मांडलेलीही नाही. ती मांडली पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

तरीही दोन्हीपैकी एक निवडायचं झालं तर मी ज्येष्ठतेची यादी निवडेन. तारखेला जात लपवता येत नाही. चूक असेल तर बोट ठेवून दाखवता येते. 'लवचीकता १० पैकी ४' यावर बोट कुठे ठेवणार?

अर्थात तारखेतही गोम असते. आमच्याकडे अकरा महिन्यांचे करार होते. दर वर्षी करार संपायचा, दोन दिवसांचा खंड पडायचा, नवा कागद यायचा. आम्ही ज्येष्ठता यादी मागितली तेव्हा पहिल्या मसुद्यात ताईची रुजू तारीख गेल्या सप्टेंबरची होती. बारा वर्षं काम केलेली बाई कागदावर नऊ महिन्यांची! सुदैवाने तिने पहिलं नेमणूकपत्र पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलं होतं, लेकीच्या जन्मदाखल्याबरोबर.

मी गुण भरले नाहीत. आम्ही १४ जणांनी सह्या करून मराठीत पत्र दिलं. २३ जणांची एकच यादी पहिल्या नेमणुकीच्या तारखेप्रमाणे फलकावर लावा. कोणतं पद का नको आहे ते आधी लिहा, माणसाचं नाव नंतर. सर्वांत वरच्या तीन पगारांत कपात करून किती पदं वाचतात तो हिशेब दाखवा. आणि ज्यांना काढाल त्यांची पुनर्नेमणुकीची यादी करा. आमच्या वकील मित्राने आधीच बजावलं होतं की कोर्टात गेलात तर फिल्डवरचे कार्यकर्ते कायद्याने 'कामगार' ठरतात का, यावरच वर्षं जातील, शिवाय करार संपला की ती कपातच नाही असाही बचाव समोरून येईल. त्यामुळे कायद्याचं नाव पत्रात घेतलं, पण भरवसा सह्यांवर ठेवला. दोघांनी सही करायला चार दिवस लावले. त्यांना दोष देत नाही, घरी कर्जाचे हप्ते होते.

यादी लागली. ९ ऐवजी ६ जण गेले, चार फिल्डवरचे आणि दोन कार्यालयातले. ताई राहिली. पण गेलेल्या चौघांत एक आपलाच मुलगा होता. २४ वर्षांचा, बौद्ध, आठ महिन्यांपूर्वी रुजू झालेला, घरातला पहिला पगारदार. आम्ही मागितलेल्या नियमानेच तो गेला. पत्रावर त्याचीही सही होती आणि यादी पाहून तो माझ्याशी नीट बोलला, हे मला जास्त लागलं.

हे सगळं आता लिहिण्याचं कारण वेगळं आहे. नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. ज्या आस्थापनांना कपातीआधी सरकारची परवानगी लागते त्यांची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली, यावर कामगार संघटना बोलत आहेत. पण संस्थांमध्ये काम करणाऱ्या आपल्या मुलांनी एक व्याख्या वाचावी. १९७८ च्या बेंगळुरू पाणीपुरवठा खटल्याच्या निकालानुसार पगारी माणसं लावून चालणाऱ्या धर्मादाय संस्थाही 'उद्योग' ठरू शकत होत्या. नव्या संहितेने धर्मादाय, सामाजिक, परोपकारी सेवेत मुख्यतः गुंतलेल्या संघटनांच्या संस्था 'उद्योगा'तून वगळल्या आहेत. म्हणजे इतरांच्या हक्कांसाठी ज्यांना नेमलंय, त्यांना स्वतःची कपात कोणत्या क्रमाने व्हावी एवढं विचारण्याचाही कायदेशीर आधार उरलेला नाही. मग आधार संस्थेच्या सेवानियमांत लिहून घ्यावा लागेल, आणि तोही निधी आहे तोवर. निधी संपल्यावर कोणी नियम लिहून देत नाही. तुमचं पहिलं नेमणूकपत्र कुठे आहे ते आज घरी जाऊन बघा. नसेल तर बँकेच्या पासबुकातली पहिल्या पगाराची नोंद शोधा, तीही चालते.

आमच्या पुनर्नेमणुकीच्या यादीत त्या मुलाचं नाव पहिलं आहे. गेल्या आठवड्यात नवा प्रोजेक्ट मंजूर झाला आणि जाहिरात निघाली. पद तेच, तालुका तोच. पात्रतेत एक नवी ओळ आहे, 'किमान तीन वर्षांचा अनुभव'. आम्ही दुसरं पत्र लिहिलं आहे. या वेळी सही करायला कोणी चार दिवस लावले नाहीत.